सही करण्याआधी: कुत्रा चावल्यानंतरचे उपचार, कागद आणि कायदा

पत्राचा सारांश: माझी आई (वय ४७) पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत चार घरी पोळ्या आणि स्वयंपाकाचे काम करते. दुपारी काम आटोपून ती जिन्याने उतरत असताना तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेचे दार उघडे होते. त्या घरचा पाळीव कुत्रा पट्ट्याशिवाय बाहेर आला आणि तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर चावला. चार खोल जखमा झाल्या. महानगरपालिकेच्या दवाखान्यात त्याच दिवशी धनुर्वाताचे आणि रेबीजचे एकेक इंजेक्शन मिळाले, परंतु कुत्र्याच्या मालकांनी ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिलेल्या आहेत, पुढची इंजेक्शने कशाला’ असे सांगितल्यामुळे आई तिसऱ्या दिवशी गेली नाही. त्याच दिवशी मालकांनी कुत्रा मुळशीकडील शेतघरी पाठवून दिला. आता ते २,००० रुपये देऊ करतात आणि ‘माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर तिची सही मागतात. पोलीस चौकीत एन.सी. घेऊन आम्हाला परत पाठवले. प्रकरण वाढवले तर फाटकावरचा प्रवेश बंद होईल, असे संस्थेच्या सचिवांनी सुचवले आहे. आईने सही करावी का?

उत्तर:

तुमचे पत्र घटनेच्या पाचव्या दिवशी मिळाले, तेव्हा त्यातील कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवून मी तुम्हाला प्रथम दूरध्वनी केला आणि आईंना त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायला सांगितले. ते तुम्ही ऐकलेत आणि सहाव्या दिवशी त्यांना राहिलेला डोस तसेच जखमेत द्यायचे सीरम मिळाले, हे तुमच्या दुसऱ्या पत्रावरून कळले आणि जीव भांड्यात पडला. इतर वाचकांनाही हे उपयोगी पडणार असल्याने, आणि तुमच्या मनात अजून शंका शिल्लक दिसत असल्याने, उपचाराचा भाग थोडक्यात पुन्हा लिहितो. मी वकील आहे, डॉक्टर नाही. डोस किती आणि केव्हा, हा निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु कुत्र्याच्या चाव्याच्या प्रकरणांत अर्धवट उपचार घेऊन आलेले इतके पक्षकार मी पाहिले आहेत की याबाबत गप्प बसणे मला जमत नाही.

चावा बसताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची असते. ही पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण जखमेतील विषाणू धुऊन काढण्याचे एवढे स्वस्त आणि परिणामकारक साधन दुसरे नाही. हळद, चुना, तिखट, तंबाखूची मिश्री यांपैकी काहीही जखमेवर लावू नये आणि शक्यतो टाकेही लगेच घालून घेऊ नयेत. त्वचा भेदून रक्त आले असेल, तर ती वैद्यकीय वर्गीकरणाप्रमाणे तिसऱ्या श्रेणीची जखम ठरते. अशा जखमेला लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे सीरमही लागते आणि ते दंडात न देता जखमेत व तिच्या भोवती भरले जाते. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि मधल्या काळात हे सीरम राखण करते. पहिल्या दिवशी ते मिळाले नाही, तर लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर त्याचा उपयोग उरत नाही. आईंच्या बाबतीत त्यातले दोनच दिवस शिल्लक होते, म्हणून माझी घाई चालली होती.

लस दंडाच्या त्वचेत दिली जात असेल, तर ती ०, ३, ७ आणि २८ या दिवशी देतात. स्नायूत दिली जात असेल, तर १४ व्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. एखादा दिवस हुकला म्हणून सारे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेला डोस लगेच घेऊन पुढचे डोस त्यानुसार सरकवले जातात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती आईंना अजून वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. ती जुनी लस होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४ मध्येच बंद झाले. सरकारी आणि महानगरपालिकेच्या रुग्णालयांत आजची लस विनामूल्य मिळते.

आता मालकांच्या ‘लस दिलेली आहे’ या वाक्याविषयी. ते खरे असू शकेल, परंतु त्यामुळे आईंची लस रद्द होत नाही. कुत्र्याची लस वेळेवर दिली होती का, ती टोचेपर्यंत सतत थंड ठेवली गेली होती का, तिचा परिणाम झाला का, यांतले काहीही जिन्यात उभे राहून ठरवता येत नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा आणि तो दहाव्या दिवशी ठणठणीत असला, तर पुढच्या डोसांबाबत डॉक्टरांनी निर्णय घ्यावा, अशी पद्धत आहे. परंतु उपचार दहा दिवस थांबवून ठेवण्यासाठी ही पद्धत नाही. उपचार पहिल्या दिवशीच सुरू होतात. तुमच्या प्रकरणात तर कुत्राच तिसऱ्या दिवशी मुळशीला गेला. तो तिथे सुखात असेल, तरी तुम्हाला ते कळण्याचा मार्ग मालकांनी बंद केला आणि म्हणूनच उर्वरित डोस पूर्ण करणे अधिकच गरजेचे झाले. मालकांकडे कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत आणि दहाव्या दिवसानंतरचा पशुवैद्यकांचा दाखला लेखी मागा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे कुत्र्याविषयीच्या कोणत्याही आश्वासनाच्या भरवशावर एकही डोस सोडू नये, मग आश्वासन देणारा माणूस कितीही सज्जन असो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे, तर ‘नाही’. आईंनी त्या कागदावर सही करू नये, निदान आज तरी करू नये. तडजोडीला माझा विरोध नाही. एकाच इमारतीत रोज ये-जा करणाऱ्या माणसांसाठी चांगली तडजोड हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो. माझा आक्षेप त्या कागदाच्या वेळेला आणि मजकुराला आहे. उपचार संपलेले नाहीत, हाताची पकड पूर्ववत होईल की नाही हे ठाऊक नाही, नुकसानीचा आकडा ठरलेला नाही, आणि तरीही ‘काहीही तक्रार नाही’ असे लिहून दिले, तर पुढे हाताची बोटे नीट वळत नसल्याचे आढळले, तरी समोरचा पक्ष तोच कागद न्यायालयापुढे ठेवील. शिवाय त्या मसुद्यात चावल्याचा, तारखेचा आणि जागेचा उल्लेखच नाही. ज्या कागदात घटना नाही, त्यात तक्रार नसल्याची कबुली मात्र आहे, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे पाळीव कुत्र्याच्या चाव्यासाठी नुकसानभरपाईचा दर ठरवून देणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे हक्क दोन वाटांनी येतो, एक फौजदारी आणि दुसरी दिवाणी. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. १ जुलै २०२४ पासून ते जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ च्या जागी आले. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा या कलमात आहे. यातील दोन शब्दांवर सगळे प्रकरण उभे राहते.

पहिला शब्द ‘ताबा’. कुत्रा कोणाच्या नावाने विकत घेतला, यापेक्षा त्या वेळी तो कोणाच्या सांभाळात होता, हे इथे महत्त्वाचे ठरते. तुम्ही लिहिता की मालक कार्यालयात होते आणि घरी त्यांचे वडील होते. म्हणून तक्रारीत दोघांचाही उल्लेख करा आणि कोण कुठे होते हे जसे घडले तसेच लिहा, कारण ‘मी घरी नव्हतो’ हा बचाव पहिल्याच दिवशी पुढे येतो.

दुसरा शब्द ‘संभाव्य धोका’. कुत्रा चावला एवढ्यावरून मालक आपोआप दोषी ठरत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवलेले बरे. कुत्रा याआधी कोणावर धावून गेला होता का, कोणाला ओरबाडले होते का, मालकांना तशी कल्पना होती का, हे दाखवावे लागते. तुमच्या दुसऱ्या पत्रातील एक ओळ म्हणूनच मला सर्वांत मोलाची वाटली: दिवाळीच्या सुमारास त्याच मजल्यावर कुरिअर देणाऱ्या मुलाची पॅन्ट याच कुत्र्याने फाडली होती आणि त्यावर संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर चर्चा झाली होती. त्या चर्चेत मालकांनी ‘सॉरी, यापुढे दार बंद ठेवू’ असे लिहिले असेल, तर तुमच्या बाजूचा निम्मा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. आई ज्यांच्याकडे काम करतात, त्यांपैकी कोणी त्या गटात असतील, तर त्यांना ते संदेश जपून ठेवण्याची विनंती करा.

याखेरीज कलम १२५ लागू होऊ शकते. अविचाराने किंवा निष्काळजीपणाने केलेल्या कृतीमुळे दुसऱ्याची वैयक्तिक सुरक्षितता धोक्यात येणे, हा त्याचा विषय आहे. साधी दुखापत झाली असेल, तर सहा महिन्यांपर्यंतचा कारावास. जबर दुखापत झाली असेल, तर तीन वर्षांपर्यंतचा. आता जबर दुखापत म्हणजे हाड मोडणे किंवा डोळा जाणे, असे बहुतेकांना, आणि दुर्दैवाने काही ठाणे अंमलदारांनाही, वाटते. कलम ११६ मधील व्याख्या त्याहून रुंद आहे. ज्या दुखापतीमुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा तो पंधरा दिवस आपले नेहमीचे काम करू शकत नाही, ती दुखापतही जबर मानली जाते. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे नेहमीचे काम उजव्या हाताने होते आणि आई चोवीस दिवस लाटणे धरू शकल्या नाहीत. हे डॉक्टरांच्या दाखल्यात आले, तर प्रकरणाचे वजन बदलते. म्हणून पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आईंच्या कामाचे स्वरूप सांगा आणि किती दिवस हात वापरू नये असे त्यांनी सांगितले होते, ते केस पेपरवर लिहून देण्याची विनंती करा. न घडलेले काही लिहून घेऊ नका. घडलेले तारखेनिशी लिहून घ्या.

चौकीत तुम्हाला एन.सी. देऊन परत पाठवले, याचा अर्थ तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. परंतु कलम २९१ आणि १२५ यांखालील गुन्हे दखलपात्र आहेत. त्यामुळे आता तोंडी वाद न घालता वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात घटनेची तारीख, वेळ, जागा, पट्टा नसणे, दार उघडे असणे, आधीची घटना, उपचारांचा तपशील आणि कामाचे बुडालेले दिवस मांडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दखल घेतली गेली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज लेखी आणि टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो, म्हणजे पुणे शहरात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवावा. तिथेही काही झाले नाही, तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. प्रथम खबरी अहवाल नोंदला गेला, तर त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सहा महिन्यांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याची मुदत एक वर्षाची आहे, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत महिने घालवू नका.

इथे एक सावधगिरी सांगतो. पोलिसांत जाणे हा तुमचा हक्क आहे, परंतु पैसे वसूल करण्यासाठी फौजदारी तक्रारीचा धाक दाखवू नका. ‘इतके द्या, नाहीतर तक्रार करतो’ असा एखादा संदेश तुमच्या दूरध्वनीवरून गेला, तर तुम्ही पीडितांच्या जागेवरून उठून आरोपीच्या जागेवर बसाल. तक्रार करायची तर ती खरी आहे म्हणून करा आणि भरपाई मागायची तर ती स्वतंत्र नोटिशीने मागा. शिवाय गुन्हा नोंदल्यावर तो ‘मागे घेणे’ पूर्णपणे फिर्यादीच्या हाती राहत नाही, याचाही विचार आईंनी आधीच करावा.

आता भरपाईकडे येतो, कारण आईंच्या दृष्टीने ती अधिक निकडीची आहे. दिवाणी कायद्यात कसोटी निष्काळजीपणाची असते आणि ती सिद्ध करणे फौजदारीच्या मानाने सोपे असते. सामाईक जिना हा सर्वांच्या वापराचा आहे, तिथे मोठा कुत्रा पट्ट्याशिवाय आणि देखरेखीशिवाय येऊ देणे, ही कोणत्याही समंजस माणसाने टाळावी अशी गोष्ट आहे. ‘ती घाबरून मागे सरकली, म्हणून चावला’ हे मालकांचे म्हणणे मला टिकेल असे वाटत नाही. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे मागे सरकणे म्हणजे त्याला डिवचणे नव्हे. आईंनी त्याला पिशवी मारली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. तसे घडले नसल्याचे खालच्या मजल्यावर असलेल्या वॉचमननी पाहिले असेल, तर त्यांचे नाव आणि त्यांनी काय पाहिले, ते आजच लिहून ठेवा. वॉचमन बदलतात.

दोन हजारांचा आकडा कुठून आला, हे मालकच जाणोत. आपण तुमच्याच पत्रातील आकडे मांडून पाहू. आईंना चार घरांचे मिळून महिना १६,००० रुपये मिळतात. एका घराने ४,००० रुपयांचा पगार न कापता दिला, त्या घराचे आभार माना, परंतु ती रक्कम नुकसानीत धरू नका. उरलेल्या तीन घरांचे १२,००० रुपये धरले, तर चोवीस दिवसांचे ९,६०० रुपये बुडाले. बाहेरून आणलेले सीरम आणि औषधे यांची बिले ६,२४० रुपयांची आणि रिक्षा, ड्रेसिंग यांचे १,३५० रुपये. इथपर्यंत १७,१९० रुपये झाले. तीनपैकी एका घराने दरम्यान दुसरी बाई ठेवली आणि ते ४,५०० रुपयांचे काम कायमचे गेले. तसे दुसरे घर मिळायला दोन महिने लागले, तर आणखी ९,०००. म्हणजे केवळ कागदावर दाखवता येणारे नुकसान २६,१९० रुपयांचे आहे, आणि वेदना, हातावरचे व्रण, जिन्यात पाऊल टाकताना वाटणारी धास्ती यांची भरपाई अजून यात आलेली नाही.

या शेवटच्या भागाला ठरलेला दर नाही. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांच्या प्रकरणांत दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि जिथे मांस तुटले असेल तिथे जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये, असा हिशेब घालून दिला. ती जबाबदारी राज्याची होती आणि तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, त्यामुळे चार खुणा म्हणून ४०,००० असे गणित मांडून त्यावर अडून बसू नका. मात्र एखाद्या उच्च न्यायालयाने एका खुणेची किंमत किती मानली, हे वाटाघाटीच्या वेळी समोर ठेवायला काहीच हरकत नाही. दोन हजारांचा आकडा त्यापुढे फार केविलवाणा दिसतो.

पगार रोख मिळत असल्याने पुरावा कसा द्यायचा, असे तुम्ही विचारले आहे. प्रत्येक घराकडून साध्या कागदावर, महिना किती देतो आणि किती दिवसांचे कापले, असे चार ओळींचे पत्र सहीनिशी घ्या. ज्या घरांतून पैसे यूपीआयने येतात, त्यांच्या नोंदी काढा. जखमेची छायाचित्रे सुरुवातीपासूनची असतील, तर ती मूळ फोनमध्येच राहू द्या. संस्थेच्या जिन्यातील किंवा प्रवेशद्वारावरील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवावे अशी लेखी मागणी सचिवांकडे आणि तिची प्रत पोलिसांकडे द्यायला हवी होती. ती अजून दिली नसेल, तर उत्तर वाचून होताच द्या, कदाचित अजून शिल्लक असेल. असे चित्रण किंवा व्हॉट्सअॅपचे संदेश न्यायालयात द्यायचे, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. ते काम तुमचे वकील करतील.

‘तुमचे वकील’ म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे आणि देशभराची मदतवाहिनी १५१०० या क्रमांकावर आहे. तिथे अर्ज केल्यावर वकील नेमून मिळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दावा दाखल करण्यापूर्वीच हे प्रकरण तिथे तडजोडीसाठी ठेवता येते. समोरच्या पक्षाला नोटीस जाते, दोघांना समोरासमोर बसवले जाते आणि लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक होतो. तुमच्या प्रकरणासाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. पाऊण लाखाच्या आतल्या रकमेसाठी दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षे तारखा घेणे कामावर जाणाऱ्या बाईला परवडत नाही, हे मान्य करायला मला वकील म्हणून संकोच वाटत नाही. दाव्याचा मार्ग तरीही खुला राहतो आणि त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

तिथे जाण्यापूर्वी मालकांना स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा. भाषा सौम्य ठेवा आणि आकडे नेमके ठेवा. बिलांच्या प्रती जोडा, मूळ बिले कोणालाही देऊ नका. त्यांच्या पाळीव प्राण्याच्या विम्यात त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण असेल, तर कदाचित रक्कम त्यांच्या खिशातून जाणारही नाही, तेव्हा तेही विचारून पाहायला हरकत नाही. कुत्र्याचा महानगरपालिकेचा परवाना आहे का, याचीही नोटिशीत विचारणा करा. पुण्यात पाळीव कुत्र्याला तो लागतो आणि तो नसेल, तर काळजी न घेण्याच्या तुमच्या म्हणण्याला बळ येते.

तडजोड झालीच, तर कागद कसा असावा? त्यात घटना तारखेनिशी लिहिलेली असावी, रक्कम बँक खात्यात जमा झाल्याचा उल्लेख असावा, आणि या चाव्यामुळे पुढे काही वैद्यकीय खर्च उद्भवल्यास तो मालक देतील, असे वाक्य असावे. कुत्रा सामाईक जागेत पट्ट्यानेच नेला जाईल, हेही त्यातच लिहून घ्या. आईंना तो मराठीत वाचून दाखवला जावा आणि त्यांची प्रत त्यांना मिळावी. रक्कम हाती येण्याआधी सही नाही, एवढा एक आग्रह धरा.

सचिवांच्या इशाऱ्याविषयी. तक्रार केली म्हणून एखाद्या कामगार स्त्रीचा प्रवेश रोखण्याचा अधिकार सचिवांना उपविधींनी दिलेला नाही. तिला कामावर ठेवायचे की नाही, हे त्या त्या घराने ठरवायचे असते. व्यवहारात मात्र फाटकावरचे अॅप कोणाच्या हातात आहे, यावर बरेच अवलंबून असते, हे मीही जाणतो. म्हणून आई ज्या घरी काम करतात, त्यांनीच संस्थेला दोन ओळींचे पत्र द्यावे की या आमच्याकडे काम करतात आणि त्यांचा प्रवेश चालू राहावा. सभासदाच्या पत्राला कामगाराच्या विनंतीपेक्षा जास्त किंमत मिळते. हे योग्य नाही, पण आज ते उपयोगी पडेल. उघड धमकी आली, तर ती कधी, कोणी, कोणासमोर दिली, ते लिहून ठेवा. धमकावणी हा न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसऱ्या बाजूने, संस्थेतील काही रहिवासी आता सगळेच कुत्रे हाकलून लावण्याचा ठराव करू पाहत आहेत आणि त्यासाठी आईंच्या सहीचा अर्ज मागत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातही पडू नका. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार संस्थेला नाही, आणि कुत्र्याला विष घालणे किंवा जायबंदी करणे, हा पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. आईंची तक्रार एका उघड्या दाराविषयी आहे. ती तेवढीच राहू द्या, म्हणजे तिची धार टिकेल.

तुमच्या शेजारणीने विचारलेला प्रश्नही थोडक्यात घेतो: तिच्या मुलाला वस्तीतला भटका कुत्रा चावला, तर जबाबदार कोण? उपचाराचा क्रम तोच. तक्रार मात्र महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी करायची, कारण प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम आहे. कुत्रा पिसाळल्याचा संशय असेल, तर त्याला पकडून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रे त्याच भागात सोडावेत, परंतु रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालायचे ते नेमलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांसारख्या आवारांतून कुत्रे हटवण्याचा आदेश झाला. मुलगा शाळेच्या आवारात चावला गेला असेल, तर शेजारणीने अर्जात या दुसऱ्या आदेशाचा उल्लेख जरूर करावा. भरपाईसाठी तिलाही विधी सेवा प्राधिकरणाचे दार उघडे आहे, कारण मुलांनाही तिथे उत्पन्नाची अट नाही.

आईंचा शेवटचा डोस अजून व्हायचा आहे, असे तुमच्या दुसऱ्या पत्रावरून दिसते. त्या तारखेला त्यांना स्वतः घेऊन जा, लसीकरणाच्या कार्डावर शिक्का घ्या आणि त्या कार्डाची प्रत काढून नोटिशीला जोडा. शिवाजीनगरला जायचा दिवस ठरला, की सोबत नेण्याचे सगळे कागद तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये लावा. दोन हजारांचा तो मसुदाही त्यात असू द्या, सही न केलेला.